लग्नाच्या सीडीतून, सिनेमाच्या डिस्कमधून फोटो काढायचाय? सॉफ्टवेअर असं पारखा

डिस्कमधून फोटो काढायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे मला वेंगुर्ल्याच्या बाजारात बरेच जण विचारतात. माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नपत्रिका अशी कामं चालतात. त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की हे एक काम हमखास वाढतं. मुंबईहून आलेले चाकरमानी घराची साफसफाई करतात, कपाटातून जुन्या लग्नाची डिस्क निघते आणि ती माझ्या टेबलावर येते. "बाय, ह्या सीडयेत माझी आवस आसा. तिचो येक बरोसो फोटो काढून दी." त्या आईचा वेगळा फोटो कुणी कधी काढलेलाच नसतो. कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकताना ती व्हिडिओत आलेली असते, तेवढीच.

सॉफ्टवेअर फुकटचंच पुरतं, हे आधीच सांगून टाकते. पैसे भरून घ्यावं असं या कामासाठी मला तरी काही दिसलेलं नाही. पण फुकटच्यांत निवड करताना "फोटो काढायचं बटण आहे का" एवढंच बघू नका. ते बटण सगळ्यांत असतं. बघायचं ते असं: हव्या त्या फ्रेमवर (म्हणजे व्हिडिओतल्या एका सुट्या चित्रावर) नेमकं थांबता येतं का, थांबून एक फ्रेम मागे जाता येतं का, थांबवलेल्या चित्रातल्या रेघा काढून टाकता येतात का, आणि निघालेल्या फोटोत माणसाचा चेहरा लांबट किंवा फुगीर तर होत नाही ना. यात जे पास होतं ते ठेवा.

त्याआधी डिस्क कुठली आहे ते ओळखा. आपल्याकडे चकतीच्या आकाराचं जे काही असेल ते 'सीडी'. आत काय आहे ते कॉम्प्युटरवर उघडल्याशिवाय कळत नाही. उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसला तर ती व्हीसीडी. त्यात 'डॅट' शेपटीची फाइल असते, तोच व्हिडिओ. 'व्हिडिओ टीएस' फोल्डर असेल तर डीव्हीडी, आणि आतल्या 'व्हीओबी' फाइलींत व्हिडिओ असतो, जास्तीत जास्त एकेक जीबीचे तुकडे केलेला. 'बीडीएमव्ही' दिसलं तर ब्लू-रे. पण तिला ड्राइव्हच वेगळा लागतो, डीव्हीडीच्या ड्राइव्हमध्ये ती दिसणारच नाही.

हे ओळखायचं कारण म्हणजे फोटो किती मोठा निघेल ते इथेच ठरून जातं. आपल्याकडच्या व्हीसीडीत चित्र फक्त ३५२ × २८८ ठिपक्यांचं असतं. डीव्हीडीत ७२० × ५७६ आणि ब्लू-रेत १९२० × १०८०. व्हीसीडीतून भिंतीवर टांगायचा मोठा फोटो मागणाऱ्याला मी डिस्क हातात घेतल्या घेतल्या सांगते की तसा निघणार नाही. सॉफ्टवेअर बदलून नसलेले ठिपके येत नाहीत.

दुसरं, डिस्कवरून थेट फोटो काढत बसू नका. आधी तिची प्रत हार्ड डिस्कवर घ्या. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने कपड्यांना, चपलांना, पुस्तकांना बुरशी धरते, मग डिस्क कशी सुटेल? कागदी पाकिटातली डिस्क तर पाकिटाला चिकटलेलीच येते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा माहितीच्याच दिशेने जातो आणि एका जागचं सलग बरंच पुसून नेतो. सरळ ओरखडा बहुधा सोसला जातो. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा तिथल्या आमच्या नातेवाइकांच्या चिखलातल्या डिस्क अशाच धुतल्या होत्या. डीव्हीडी बऱ्यापैकी वाचल्या. व्हीसीडी गेल्या, कारण सीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूला अगदी लागून असतो. तो पोपडा सुटला की संपलं. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो.

प्रत घ्यायला विंडोजवर 'इमेजबर्न' फुकट आहे. डीव्हीडीची अख्खी आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब प्रत, बनवून मिळते. डिस्क अडखळत असेल तर लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' वापरा. ते आधी नीट वाचता येणारं सगळं उचलतं आणि मग खराब जागांवर पुन्हा पुन्हा फिरतं. अर्ध्यात बंद करून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतं, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या आमच्यासारख्यांना तेच सोयीचं. व्हीसीडीची नुसती डॅट फाइल कॉपी केली तरी चालतं. मात्र व्हीसीडीच्या व्हिडिओला डेटा सीडीइतकं चूक-दुरुस्तीचं कवच नसतं. ओरखडा आला की चित्रात चौकटी फुटलेल्या दिसतात आणि त्या कुठल्याच सॉफ्टवेअरने सांधत नाहीत. चौकटी नसलेली पुढची-मागची फ्रेम शोधायची, एवढंच हातात असतं.

आता मुख्य भानगड, रेघांची. लग्नाची डीव्हीडी लावा, कुणीतरी हात हलवत असेल तिथे थांबवा आणि जवळून बघा. हाताच्या कडेला कंगव्याचे दात निघालेले दिसतील. टेप कॅमेऱ्यांच्या काळात व्हिडिओ अर्ध्या अर्ध्या चित्रांत घेतला जायचा. सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन अर्धी मिळून एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. त्या दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. टीव्हीवर हे कळत नाही. थांबवलेल्या चित्रात मात्र लगेच डोळ्यांत भरतं.

यावरचा उपाय म्हणजे 'डीइंटरलेस'. हे नाव मेनूत शोधा. त्यात पुन्हा प्रकार असतात. 'ब्लेंड' निवडलं तर दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळतात, दात जातात पण चेहऱ्याला भुताटकीसारखी दुहेरी कड येते. फोटोसाठी ते नकोच. 'यॅडिफ' निवडा. स्थिर भाग ते होता तसा ठेवतं आणि हललेला भागच सावरतं. 'बॉब' किंवा 'यॅडिफ' दुप्पट वेगाचं घेतलं तर प्रत्येक अर्ध्या चित्राची स्वतंत्र फ्रेम होते, म्हणजे सेकंदाला २५ ऐवजी ५० क्षण निवडायला मिळतात. पापणी मिटायच्या आतला क्षण पकडायचा तर हा फरक मोठा आहे. माणूस अगदी स्तब्ध बसलेला असेल, सत्यनारायणाच्या पूजेला बसलेलं जोडपं वगैरे, तर डीइंटरलेस बंद करूनही एकदा काढून बघा. दात नसतील तर तोच फोटो जास्त रेखीव असतो. व्हीसीडीत ही कटकटच नाही, तिथे अर्ध्या चित्रांचा प्रकारच नसतो.

सॉफ्टवेअरांकडे येते.

व्हीएलसी बहुतेकांकडे असतंच. डीव्हीडी, व्हीसीडीची डॅट फाइल, आयएसओ, काहीही लावा, चालतं. 'शिफ्ट' आणि 'एस' दाबलं की फोटो जतन. 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढे, 'डी' दाबलं की डीइंटरलेस चालू-बंद. पण पहिल्यांदा टूल्समधून प्रेफरन्सेस, तिथे व्हिडिओ, असं जाऊन खाली स्नॅपशॉटचा प्रकार पीएनजी आहे ना ते बघून घ्या. जेपीजी असेल तर बदला. डिस्कवरचं चित्र आधीच दाबून बारीक केलेलं असतं, जेपीजीत ते आणखी एकदा दाबलं जातं. फोटो कुठल्या फोल्डरात पडतात तेही तिथेच ठरवून ठेवा, नाहीतर पिक्चर्सच्या ढिगात शोधत बसाल. व्हीएलसीची उणीव एकच, पण मोठी आहे: बहुतेकांकडे जी आवृत्ती असते तिच्यात एक फ्रेम मागे जायची कळ नाही. हवा तो क्षण हुकला की थोडं मागे उडी मारून परत 'ई', 'ई', 'ई' करत यायचं. दिवसाकाठी एखादा फोटो काढणाऱ्याला चालेल. मला नाही चालत.

म्हणून माझं रोजचं 'एमपीव्ही'. दिसायला अगदीच साधं, फाइल उचलून त्यावर टाकायची. पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढे, स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे. 'डी' ने डीइंटरलेस. 'एस' ने फोटो, आणि कॅपिटल 'एस' ने सबटायटल वगळून फोटो. सिनेमाच्या डिस्कवर काम करणाऱ्यांना हे शेवटचं फार उपयोगी. मूळ सेटिंग जेपीजीचं असतं, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून पीएनजी करून घ्यावं लागतं. ज्यांना अशी फाइल उघडायचीच भीती वाटते त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

त्यांच्यासाठी 'एमपीसी-एचसी'. हे फक्त विंडोजवर चालतं. साधं, हलकं, जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं. 'कंट्रोल' धरून उजवा-डावा बाण दाबला की एकेक फ्रेम पुढे-मागे, 'ऑल्ट' आणि 'आय' ने फोटो. फाइल मेनूत 'सेव्ह थंबनेल्स' म्हणून एक सोय आहे, ती मला विशेष आवडते. अख्ख्या व्हिडिओतून ठरावीक अंतराने छोटी छोटी चित्रं घेऊन एका पानावर मांडून देते. ते पान छापून मी गिऱ्हाइकापुढे ठेवते. तीन तासांच्या लग्नात आई नेमकी कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. ते बोट ठेवतात, मी तिथून पुढे शोधते.

आणि एक 'अविडेमक्स'. खरं तर हे व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर, पण फोटोसाठी यात एक खुबी आहे. डीव्हीडीवरच्या सगळ्या फ्रेम सारख्या दर्जाच्या नसतात. दर अर्ध्या सेकंदाच्या आसपास एक फ्रेम पूर्ण साठवलेली असते, तिला 'आय' फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम म्हणजे आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढीच नोंद. पूर्ण फ्रेम बहुधा जास्त स्वच्छ असते. अविडेमक्समध्ये वर-खाली बाण दाबले की थेट एका आय फ्रेमवरून दुसरीवर उडी, उजवा-डावा बाण दाबला की साधी एकेक फ्रेम, आणि आत्ता कुठल्या प्रकारच्या फ्रेमवर आहात ते खाली लिहिलेलंही दिसतं. पहिली व्हीओबी उघडली की पुढचे तुकडे जोडू का म्हणून ते स्वतःच विचारतं, हो म्हणा.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. समजा अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, आई उजवीकडे उभी. "शुभमंगल सावधान" झालं की ती अक्षता टाकणार. अक्षता हवेत असताना आय फ्रेम आली तरी ती कामाची नाही, पांढरे ठिपके नेमके तिच्या कपाळावर असतात आणि हात वर म्हणून खांदा पुसट. त्याच्या आधी, भटजी श्वास घेतात तेवढ्या वेळात, ती जरा थबकून नवऱ्या मुलाकडे बघते. तिथे आधी वर-खाली बाणांनी जवळची पूर्ण फ्रेम बघायची. डोळे मिटलेले असतील तर एकेक करत आजूबाजूला फिरायचं. मी चार-सहा फ्रेम काढून ठेवते आणि निवड घरच्यांवर सोडते. ते नेहमी मला वाटलेली निवडत नाहीत. मला सर्वांत रेखीव वाटतो तो, त्यांना ती जशी हसायची तसा दिसणारा.

फोटो निघाला की त्याची मापं बघा. डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ साठवलेलं असलं तरी ते तसं दाखवायचं नसतं. जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं असेल तर ते ७६८ × ५७६ व्हायला हवं, आणि रुंद पडद्याचं असेल तर १०२४ × ५७६. काही सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, काही जसंच्या तसं ७२० चं देतात. अविडेमक्समधून काढलेला तर तपासाच. रुंद पडद्याच्या डिस्कमधून न ताणता काढलेला फोटो म्हणजे सगळं वऱ्हाड काटकुळं. पारख सोपी आहे: चित्रात औक्षणाचं ताट शोधा आणि ते गोल दिसतंय का बघा. दिसत नसेल तर फुकटच्या 'गिंप'मध्ये 'स्केल इमेज' उघडा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा आणि रुंदीचा आकडा बदला. उंचीला हात लावू नका.

कीबोर्डवरच्या 'प्रिंट स्क्रीन'ने काढलेले फोटो बरेच जण घेऊन येतात. ते चित्र पडद्याच्या मापाला ताणलेलं असतं, कधी त्यावर माउसचा बाण असतो, आणि काही प्लेअरमध्ये चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन येतो. टीव्ही थांबवून मोबाइलने काढलेल्या फोटोंबद्दल तर बोलायलाच नको.

सिनेमाच्या विकतच्या डिस्कचं थोडं वेगळं आहे. शाळेत नाट्यवाचन घेणारे एक मास्तर माझ्याकडून प्रकाशयोजना शिकवायला सिनेमातली चित्रं काढून नेतात, त्यामुळे तीही सवय झाली. सिनेमा मुळात सेकंदाला २४ पूर्ण फ्रेमचा. आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत तो बहुधा किंचित वेगाने २५ वर चालवलेला असतो. तिथे अर्ध्या चित्रांची भानगड नसते, म्हणून डीइंटरलेस बंदच ठेवा, उगाच बारकावे जातात. पण हिंदी-मराठी सिनेमांच्या काही डिस्क 'एनटीएससी' या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या, ७२० × ४८० च्या असतात. त्यांत काही ठिकाणी २४ च्या ३० करताना दर पाच फ्रेममागे दोन मिसळलेल्या निघतात. दात दिसले तर घाबरू नका, एक-दोन फ्रेम पुढे-मागे सरका, स्वच्छ सापडते. जुन्या डिस्कवर वर-खाली काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतील तर त्या कापा. रुंद सिनेमा चौकोनी मापात बसवला असेल तर ५७६ ओळींतल्या सव्वातीनशेच्या आसपासच खऱ्या चित्राच्या उरतात, हे लक्षात असू द्या.

विकतच्या डिस्कला कॉपी होऊ नये म्हणून कुलूपही असतं. लग्नाच्या डिस्कला नसतं. व्हीएलसी डीव्हीडीचं कुलूप असताना दाखवतं, ब्लू-रेचं मात्र सहसा नाही. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम स्वतःच्या अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मोकळीक देतं. २०१२ मध्ये घातलेलं ६५-अ कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. मास्तरांना चित्रं काढून देते. नटाचा फोटो मगवर छापून विकायला मागणाऱ्याला नाही म्हणते.

शेवटी छपाई. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने डीव्हीडीचा ७६८ ठिपक्यांचा फोटो जेमतेम अडीच इंच रुंद होतो, ब्लू-रेचा साडेसहाच्या आत. भिंतीवर लांबून बघायचा असेल तर इंचाला १५० धरूनही खपतं, म्हणजे डीव्हीडीतून पाच इंच रुंद. पण आई त्या फ्रेमच्या कोपऱ्यात उभी असेल तर तिच्या चेहऱ्याच्या वाट्याला शंभरच ठिपके येतात. तिथे मी फोटो लहानच छापते आणि भोवती रुंद पांढरा माउंट घालून मोठ्या फ्रेममध्ये बसवते. बारा बाय अठराचा हट्ट असेल त्यांना आधी कागदावर नुसता चेहरा तेवढा छापून दाखवते. बहुतेक जण मग ऐकतात.

हल्ली एआयने चेहरा 'साफ' करून द्या म्हणतात. देते, पण मूळ फोटो शेजारी ठेवून. ते यंत्र नसलेले ठिपके अंदाजाने भरतं आणि अंदाज कुणाचाही असू शकतो. नथीच्या मोत्यांचा एक चकचकीत थेंब होतो, कपाळावरचं आडवं कुंकू गोल टिकली होऊन येतं, सुरकुत्या जातात. उभादांड्याच्या एक आजी असा फोटो बघून म्हणाल्या, "ह्यां नाक आमच्या आवशीचां न्हय." त्यांच्यासाठी मूळ पीएनजीच छापली. पेनड्राइव्हवर देतानाही मी नेहमी ती पीएनजी आणि डिस्कची आयएसओ, दोन्ही देते. फाइलच्या नावात तो क्षण डिस्कवर किती मिनिट-सेकंदांवर आहे तेही घालते. दुसऱ्या भावाला त्याच प्रसंगातला वेगळा फोटो हवा झाला, आणि तो होतोच, तर पुन्हा अख्खं लग्न बघावं लागत नाही.